सुपारी देऊन बोलावलेला पाहुणा जिंकतो तेव्हा

अमेरिकेत शिकायला गेलेल्या पोरांच्या घरच्या ग्रुपवर नोव्हेंबरात कधीतरी एक चमत्कारिक मेसेज पडतो. "आज आमच्याकडे सुतक आहे. कॉलेज हरलं." आईच्या काळजात आधी धस्स होतं, मग उलगडा होतो. बास्केटबॉलची मॅच होती. समोर कुठलंसं छोटं कॉलेज होतं आणि ते जिंकलं. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत 'ऐतिहासिक', 'अविश्वसनीय', 'भूकंप' असे शब्द दिसतात. पुढच्या नोव्हेंबरात नावं बदलून तीच बातमी, तेच शब्द.

दर वर्षी घडणारी गोष्ट ऐतिहासिक कशी असेल? हे समजून घ्यायला २०१९ चा नोव्हेंबर फार सोयीचा आहे. त्या महिन्यात दोन आठवड्यांच्या अंतराने, देशात पहिल्या क्रमांकावर असलेले दोन संघ आपापल्या घरी अशा पाहुण्यांकडून हरले ज्यांचं नाव बहुतेक प्रेक्षकांनी तिकिटावरच पहिल्यांदा वाचलं असेल. आणि त्या दोन विजेत्यांचं पुढे जे झालं ते एकमेकांच्या अगदी उलट होतं.

## आधी हे डोक्यातून काढा की ही 'इंटरकॉलेज' आहे

आपल्याकडे कॉलेजची मॅच म्हणजे दोन संघ, एक शिट्टीवाले सर, संघातल्या पोरांचे आठ-दहा मित्र आणि सावलीला येऊन बसलेले शिपाईकाका. अमेरिकेत तसं नाही. तिथे कॉलेजचा बास्केटबॉल हा व्यावसायिक लीगच्या खालोखालचा धंदा आहे. केंटकी विद्यापीठाचा संघ लेक्सिंग्टन शहरातल्या रप अरीनात खेळतो, तिथे सुमारे २० हजार माणसं बसतात. राज्यात मोठा व्यावसायिक संघ नाही, त्यामुळे शेतकऱ्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांचं दैवत हेच. केंटकीने आठ वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलंय.

या सगळ्यावर देखरेख करणारी संस्था म्हणजे एनसीएए. तिच्या सर्वांत वरच्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, त्या हंगामात ३५३ संघ होते. कागदावर सगळे एकाच पातळीवरचे. प्रत्यक्षात त्यांच्यातली दरी अशी की एकाकडे स्वतःपुरतं अख्खं विमान भाड्याने घेण्याची ऐपत आणि दुसरा सहा-सात तास बसमध्ये बसून सामन्याला पोचतो. हे संघ भूगोलाप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे गटागटांत वाटलेले असतात. अशा गटाला कॉन्फरन्स म्हणतात. जानेवारीपासून जो तो मुख्यतः आपल्या कॉन्फरन्समध्ये खेळतो. नोव्हेंबर-डिसेंबर हे त्याआधीचे मोकळे महिने, ज्यात कुणीही कुणाशीही सामना ठरवू शकतो. आपली सगळी गंमत याच मोकळ्या महिन्यांतली.

## १२ नोव्हेंबर, लेक्सिंग्टन

केंटकी नुकतीच पहिल्या क्रमांकावर चढलेली. आठवडाभरापूर्वीच तिने न्यूयॉर्कला तेव्हाच्या अव्वल मिशिगन स्टेटला ६९-६२ असं हरवलं होतं. आता पाहुणे होते शेजारच्या इंडियाना राज्यातल्या एव्हान्सव्हिल विद्यापीठाचे. आधीच्या हंगामात ११ सामने जिंकलेला आणि २१ हरलेला संघ. सट्टेबाजारात केंटकी २५ गुणांनी जिंकेल असा भाव होता. या अपेक्षित फरकाला पॉइंट स्प्रेड म्हणतात, आणि २५ चा स्प्रेड याचा व्यवहारातला अर्थ असा की गाडी मध्यंतराला बाहेर काढली तरी चालेल.

एव्हान्सव्हिल जिंकलं, ६७-६४.

शेवटचे ६.८ सेकंद उरले असताना सॅम कनलिफ नावाच्या खेळाडूने दोन फ्री थ्रो, म्हणजे एकेका गुणाचे मोकळे शॉट, टाकले, दोन्ही आत गेले आणि एकाची आघाडी तिनाची झाली. हा मुलगा आधी दोन मोठ्या विद्यापीठांत होता, तिथून या छोट्या संघात आलेला. आणि पाहुण्यांचे प्रशिक्षक वॉल्टर मॅकार्टी हे १९९६ साली केंटकीला विजेतेपद मिळवून देणाऱ्या संघातले खेळाडू! जन्मगाव एव्हान्सव्हिल, नाव कमावलं केंटकीत. माहेरच्या बाजूने उभं राहून सासर हरवलं म्हणायचं की उलट, हे ज्याचं त्याने ठरवावं.

या कथेतला सर्वांत मजेशीर आकडा मात्र धावफलकावर नव्हता. या सामन्यासाठी येण्याचे केंटकीने एव्हान्सव्हिलला ९० हजार डॉलर कबूल केले होते.

## पैसे देऊन प्रतिस्पर्धी?

हो. त्याला तिकडे बाय गेम म्हणतात, म्हणजे विकत घेतलेला सामना. आपल्याकडे याला जास्त चांगला शब्द आहे. जत्रेला तमाशाचा फड बोलावतात तेव्हा सुपारी देतात. तारीख, ठिकाण, बिदागी ठरते, फड येतो, खेळ करतो, पुढच्या गावाला जातो. हा सुपारीचा सामना तसाच आहे.

मोठ्या संघाचा हिशोब सरळ असतो. घरच्या मैदानावर सामना झाला की तिकिटं, पार्किंग, खाणंपिणं, टीव्हीचे हक्क, सगळं आपलं. बरोबरीच्या संघाला बोलावलं तर तो म्हणणार, पुढच्या वर्षी तुम्ही आमच्याकडे या. म्हणजे घरचा एक सामना गेला. छोट्याला पैसे दिले की परतीचं देणं राहत नाही, आणि खात्यात एक विजय जवळपास नक्की जमा होतो. वीस हजार तिकिटांच्या गल्ल्यापुढे ९० हजार डॉलर ही फार मोठी रक्कम नाही.

छोट्याचं गणित वेगळं. अशा तीन-चार सुपाऱ्या घेतल्या की त्याच्या खेळ विभागाच्या खर्चाला चांगला हातभार लागतो. पोरांना टीव्हीवर दिसायला मिळतं. पुढच्या वर्षी एखाद्या उंच मुलाच्या घरी जाऊन "आम्ही रप अरीनात खेळतो" असं सांगता येतं. मार खायचा तो एका संध्याकाळपुरता.

कुस्तीच्या फडाशी तुलना करून पाहिली तर फरक लगेच कळतो. आपल्या जत्रेत पंच कमिटी जोड लावताना तुल्यबळ लावायला बघते, कारण एकतर्फी कुस्तीला लोक शिट्ट्या मारतात. इथे मुद्दाम हलकी जोड लावली जाते आणि लोक आनंदाने तिकीट काढतात. मला हे कधीच नीट पचलेलं नाही, पण बाजार आहे.

## म्हणजे हे फिक्सिंगच झालं की!

आपल्या वाचकाच्या मनात ही शंका येणारच, क्रिकेटने आपल्याला तेवढं शहाणं केलंय. पण सुपारी खेळण्याची असते, हरण्याची नाही. पाहुणा जिंकला तरी पैसे तेवढेच आणि ५० गुणांनी हरला तरी तेवढेच. हरायचंय म्हणून कुणी पैसे देत नाही, तो आपोआप हरेल या हिशोबाने देतात.

शंका अगदीच हवेतली नाही, हेही खरं. कॉलेज बास्केटबॉलमध्ये १९५१ साली मोठा सट्टा घोटाळा उघडकीला आला, आणि त्यात केंटकीचेही माजी खेळाडू सापडले. त्यापायी केंटकीला १९५२-५३ चा अख्खा हंगाम खेळता आला नाही. त्या घोटाळ्यातली एक मोठी युक्ती हरण्याची नव्हती, कमी फरकाने जिंकण्याची होती. २५ ने जिंकायचं तिथे मुद्दाम १० ने जिंकायचं, म्हणजे स्प्रेडवर लावलेले पैसे फिरतात. मोठा संघ घरी चक्क हरून बसतो तेव्हा ती युक्ती नसते. तसा आरोप या सामन्याबाबत कुणी केलेलाही नाही.

मग हरला कसा?

## चढाया मोजा

इथे कबड्डी कामाला येते. बास्केटबॉलमध्ये एका संघाकडे चेंडू येतो, तो बास्केट करायचा प्रयत्न करतो, जमलं वा हुकलं की बहुधा चेंडू समोरच्याकडे. याला पझेशन म्हणतात, पण आपण चढाईच म्हणू. मजा म्हणजे वेळही जुळते: कबड्डीत चढाईला ३० सेकंद, आणि पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्येही नेम साधायला ३० सेकंद. ४० मिनिटांच्या सामन्यात प्रत्येक संघाला साधारण ७० चढाया मिळतात.

आता एक नाणं घ्या. दहा वेळा उडवलं तर सात किंवा जास्त वेळा छापा पडण्याची शक्यता सुमारे १७ टक्के, म्हणजे सहा प्रयत्नांत एकदा. तेच नाणं शंभर वेळा उडवून सत्तर छापे काढून दाखवा. जन्म जाईल. खेळ जितका लांब, तितकं नशीब झिजतं आणि कुवत वर येते. बांगलादेशाने १७ मार्च २००७ ला पोर्ट ऑफ स्पेनला आपल्याला वर्ल्ड कपमध्ये हरवलं तो सामना ५० षटकांचा होता. पाच दिवसांच्या कसोटीत ते तेव्हा जमलं असतं का, हे मनाशी प्रामाणिकपणे विचारा. (त्याच दिवशी आयर्लंडने पाकिस्तानलाही घरी पाठवण्याची व्यवस्था केली, एवढाच काय तो आपल्याला दिलासा होता.)

बास्केटबॉलच्या ७० चढाया हा मधला आकडा आहे. फुटबॉलपेक्षा गोल खूप, म्हणून बलाढ्य संघ सहसा जिंकतो. पण एक गोष्ट नशिबाला आत घेते: लांबून टाकलेला तीन गुणांचा शॉट. २०१९-२० च्या हंगामात ती रेषा आणखी मागे सरकवून बास्केटपासून ६.७५ मीटरवर नेली होती. तिथून बरेच संघ तिनांत एक या प्रमाणात शॉट आत घालतात. आता हिशोब करू. एखाद्या संघाने असे ३० शॉट टाकले तर १० जायला हवेत. पण दर सहा रात्रींत एखादी रात्र अशी उगवते की १३ किंवा जास्त जातात. तीन जादा शॉट म्हणजे ९ गुण. त्याच रात्री समोरच्याने १८ टाकले आणि ६ ऐवजी ४ च गेले, की त्याचे ६ गुण कमी. झाला १५ गुणांचा फरक, आणि कुणी काही वेगळं केलेलं नाही. फक्त चेंडू रिंगवर नाचून इकडे पडायच्या ऐवजी तिकडे पडला.

स्प्रेडचा अंदाज या सगळ्यामुळे साधारण १०-११ गुणांनी वरखाली होतच असतो. त्यावरून ढोबळ गणित मांडलं तर २५ गुणांनी मागे धरलेला संघ शंभरांत एखादा सामना जिंकतो. शंभरांत एक म्हणजे जवळपास शून्य, असं वाटतं ना? पण हलक्या जोडीचे असे सामने एका हंगामात शेकड्याने होतात. शंभर सामन्यांत प्रत्येकी एक टक्का शक्यता असेल, तर त्यांतला एक तरी उलटण्याची शक्यता ६३ टक्के भरते. लॉटरी मला लागत नाही, पण कुणाला तरी लागतेच, आणि पेपरात फोटो त्याचाच येतो.

हुशार प्रशिक्षक हे गणित जाणून खेळतात. आपण कमकुवत असू तर खेळ छोटा करायचा. आघाडीवर असलेला कबड्डीपटू रेषेवर घोटाळून वेळ काढतो, तसा चेंडू शेवटच्या सेकंदापर्यंत फिरवत ठेवायचा. ७० च्या ६२ चढाया झाल्या की नाणं तितक्या कमी वेळा उडतं. वर तीनचे शॉट वाढवायचे, आणि बचावात रिंगखाली गर्दी करून समोरच्या उंच पोरांना बाहेरून नेम धरायला लावायचं.

## मग श्रेय गणिताला द्यायचं?

हा आक्षेप मला मान्य आहे, अर्धा. एक टक्का शक्यता ही काही लाभार्थ्याच्या खात्यात परस्पर जमा होत नाही. कनलिफने ते दोन फ्री थ्रो २० हजार विरोधी माणसांच्या आरोळीत टाकले. ४.६ मीटरवरून, मोकळा शॉट, समोर कुणी अडवायला नाही, आणि तरीही गुडघे कापतात. दोनपैकी एक हुकला असता तर केंटकीला बरोबरीसाठी दोनच गुण पुरले असते. गणित इतकंच सांगतं की अशी वेळ कुणावर तरी येणार. त्या वेळी हात थरथरणार की नाही, ते त्यात नाही.

## पण नोव्हेंबरातच का?

कारण मोठे संघ तेव्हा मोठे झालेले नसतात.

एनबीए या व्यावसायिक लीगचा २००५ पासून नियम आहे की शाळा संपून एक वर्ष झाल्याशिवाय आणि वय १९ झाल्याशिवाय खेळाडूला घ्यायचं नाही. त्यामुळे देशातली सर्वांत गुणी पोरं एका वर्षापुरती कॉलेजात येतात आणि निघून जातात. केंटकीचे तेव्हाचे प्रशिक्षक जॉन कॅलिपारी अशा पोरांचे संघ बांधण्यासाठीच प्रसिद्ध होते. दर वर्षी नवं बिऱ्हाड. हंगामाआधी सरावाला मिळतात सहाएक आठवडे. म्हणजे नोव्हेंबरात मैदानात उतरतात ती अठरा-एकोणीस वर्षांची पोरं, कालपर्यंत आपापल्या शाळेत राजा असलेली, आणि अजून एकमेकांचा पास कुठे येईल ते न कळणारी. समोर छोट्या कॉलेजची बावीस-तेवीस वर्षांची, तीन-चार वर्षं एकाच सरांच्या शिव्या खाल्लेली मंडळी. दहीहंडीच्या पथकात खालच्या थराला कुणाला उभं करतात ते आठवा.

मार्चपर्यंत ही दरी बुजते. केंटकीनेही तो हंगाम २५ विजय आणि ६ पराभवांवर संपवला, आपली कॉन्फरन्स जिंकली. मार्चातली राष्ट्रीय स्पर्धा मात्र कोविडमुळे झालीच नाही.

## आणि तो 'पहिला क्रमांक'?

तो मतांचा असतो. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था साठेक क्रीडापत्रकारांना दर आठवड्याला विचारते, तुमचे २५ संघ कोणते? त्यांच्या मतांची बेरीज म्हणजे क्रमवारी. हंगामाआधीची यादी तर निव्वळ अंदाज, पोरांच्या नावलौकिकावर बांधलेला. २०१९ मध्ये नाताळाआधीच पाच अव्वल संघ हरले: मिशिगन स्टेट, केंटकी, ड्यूक, लुइव्हिल, कॅन्सस. संगीत खुर्चीतसुद्धा माणूस यापेक्षा जास्त वेळ बसतो.

## दोन विजेते

आता ड्यूकचं ऐका. २६ नोव्हेंबरला पहिल्या क्रमांकाच्या ड्यूकच्या घरी टेक्सासमधल्या नॅकडोचिस गावचं स्टीफन एफ. ऑस्टिन विद्यापीठ आलं. कॉन्फरन्सबाहेरच्या संघांविरुद्ध ड्यूक घरच्या मैदानावर सलग १५० सामने जिंकलेलं, २००० सालापासून. जादा वेळेत ८३-८३ बरोबरी, चेंडू ड्यूककडे, झटापटीत तो सुटला, आणि नेथन बेन पूर्ण मैदान धावत गेला आणि भोंग्याच्या आत चेंडू टाकून आला. ८५-८३. बेन बहामा बेटांवरचा. सप्टेंबरातल्या डोरियन वादळाने त्याच्या कुटुंबाची वाताहत केली होती. त्यांच्यासाठी इंटरनेटवर मदतनिधी सुरू होता, त्यात फारसं काही जमलं नव्हतं. त्या रात्रीनंतर रक्कम लाख डॉलरच्या पुढे गेली.

हा संघ पुढे २८ सामने जिंकला, फक्त ३ हरला. आपल्या कॉन्फरन्समध्ये १९ विजय, १ पराभव. म्हणजे ड्यूक ज्याला हरलं तो संघ खरोखर भारी होता, फक्त कुणाला माहीत नव्हता.

आणि एव्हान्सव्हिल? पुढे कॉन्फरन्सचे सामने सुरू झाले आणि ते १८ पैकी १८ हरले. एकही नाही जिंकले. वाटेत एक प्रमुख खेळाडू पाठीच्या दुखण्याने बसला, मॅकार्टींना प्रशिक्षकपदावरून जावं लागलं. शेवटचा हिशोब ९ विजय, २३ पराभव. त्या नऊंतला एक रप अरीनातला.

दोन्ही बातम्यांचे मथळे मात्र सारखेच होते. त्या रात्री कुणी विचारलं असतं की यांतला खरा पैलवान कोण, तर धावफलक बघून सांगता आलं नसतं. मार्चपर्यंत थांबावं लागलं असतं.

## एका सामन्याने काहीच बदलत नाही?

एकदा बदललं. २३ डिसेंबर १९८२, होनोलुलू. व्हर्जिनिया विद्यापीठ अव्वल, एकही सामना न हरलेलं. त्यांच्याकडे ७ फूट ४ इंचांचा राल्फ सॅम्पसन, देशातला सर्वोत्तम खेळाडू. जपानमधले सामने आटोपून परतीच्या वाटेवर हवाई बेटांत एक थांबा, म्हणून शॅमिनाडशी सामना ठरलेला. शॅमिनाड म्हणजे हजारभरही विद्यार्थी नसलेलं कॉलेज, एनसीएएच्या वरच्या श्रेणीत तर नाहीच, वेगळ्याच छोट्या संघटनेतलं.

सॅम्पसन आजारातून नुकता उठलेला. त्याला अडवायला शॅमिनाडने टोनी रँडॉल्फला उभं केलं, त्याच्याहून आठ-दहा इंचांनी बुटका. पण रँडॉल्फही व्हर्जिनियातल्याच त्या भागातला, शाळेत असताना सॅम्पसनशी खेळलेला. त्याची चाल ओळखणारा. सॅम्पसनला त्याने १२ गुणांवर रोखलं, स्वतः १९ केले. शॅमिनाड ७७, व्हर्जिनिया ७२. सामना टीव्हीवर नव्हता. निकाल आला तेव्हा पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र कधीच उलटून गेली होती, आणि वृत्तकक्षांत लोकांना वाटलं, आकडे उलटे टाइप झालेत.

दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, त्या निकालाच्या पुण्याईवर हवाईतच माउई बेटाची स्पर्धा सुरू झाली आणि शॅमिनाड तिचं यजमान झालं. आता नोव्हेंबरात देशातले नामांकित संघ त्यांच्याकडे येतात, समुद्र बघतात, जिंकून जातात. यजमान बहुतेक वेळा हरतो. २०१२ साली मात्र टेक्सास विद्यापीठ आलं होतं. ते ८६-७३ असं हरून गेलं.